आधी रात्र सांभाळ

पाळी जायच्या वयातली ती अंगातली वाफ आली की हातातलं काम आधी खाली ठेव. उलथनं असो, मोबाईल असो, नाहीतर ऑफिसची फाइल. उभी असशील तर टेक. पदर किंवा ओढणी मानेवरून बाजूला कर आणि श्वास सोड. घ्यायचं नंतर बघू, आधी सोड. सावकाश, पोट आत जाईपर्यंत. मग पाणी, मग पंखा. बहुतेकींचं उलटं होतं. वाफ चढायला लागली की त्या धावत पंख्याचं बटण गाठतात, धावल्याने धडधड वाढते, धडधडीने घाबरतात आणि घाबरल्या की अजून घाम फुटतो. वाफ दोन-चार मिनिटांची असते. छातीतून मानेवर, मानेवरून तोंडावर चढते, घामाने भिजवते आणि उतरताना एखाद वेळी हुडहुडी भरवून जाते. मधेच थांबवता येत नाही, बसून काढावी लागते.

वहिनी फोनवर म्हणाली, तू कित्येक महिने धड झोपत नाहीस आणि कुणाला काही सांगतही नाहीस. म्हणून हे सविस्तर लिहितेय. यातलं सगळं माझं नाही. काही तुझ्या आजीचं, काही माझ्या सासूबाईंचं, आणि बरंचसं आमच्या मेट्रनबाईंचं. त्या बाईंनी अकोल्याचे उन्हाळे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात काढले, तेही ऐन या वयात, आणि नव्या सिस्टरना इंजेक्शनांइतकंच हेही शिकवलं. उरलेलं बायकांच्या वॉर्डात रात्रपाळीला कानावर पडलेलं. रात्री दोन वाजता बायका जे बोलतात ते दिवसा डॉक्टरांच्या राउंडला बोलत नाहीत.

तुला आता ४७ वं चालू आहे. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. म्हणजे तुझं सगळं वेळेवर चाललंय. मात्र सलग १२ महिने आली नाही तरच ‘गेली’ म्हणायचं. चार महिने दांडी मारून पाचव्या महिन्यात हजर होते, तेव्हा पर्समध्ये पॅड असू दे. आणि तोवर दिवस राहण्याची शक्यताही असते, हे लाजून कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची २ वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर १ वर्ष काळजी घ्यायची. या वयात पोट वाढतंय म्हणून दाखवायला आलेल्या आणि चौथा महिना घेऊन परत गेलेल्या बायका आम्ही पाहिल्यात.

तुझी आजी म्हणायची, उष्णता वाढली. तसं नसतं. वाफ आलेली असताना थर्मामीटर लावून बघ, ताप निघणार नाही. बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन कमी व्हायला लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. पूर्वी ज्या थोड्याशा उबेकडे ते ढुंकून बघत नव्हतं, तेवढ्यानेच आता त्याला वाटतं की अंग तापलं, उष्णता बाहेर टाका. लगेच कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तोंड लाल होतं, घाम सुटतो. शिट्टी सैल झालेला कुकर कसा जरा वाफ धरली की फुस्स करतो, तसं. म्हणून गरम चहाचा एक घोट, अंगावरची जाड चादर, बंद खोली, एखादा राग एवढंही पुरतं. हे समजलं की निम्मी भीती जाते.

आणि किती दिवस चालणार, असं विचारशील. अमेरिकेत हजारो बायकांच्या मागे वर्षानुवर्षं राहून केलेला एक मोठा अभ्यास २०१५ साली छापून आला. त्यात वाफांचा काळ साधारण सात-साडेसात वर्षांचा निघाला, आणि पाळी चालू असतानाच वाफा सुरू झालेल्या बायकांचा त्याहून लांब. घाबरवायला सांगत नाही. पण ‘दोन महिने कळ काढ, जाईल’ असं जे तुला ऑफिसात कुणी सांगितलंय, त्या भरवशावर राहू नकोस. इतकी वर्षं कळ काढायची नसते, सोय करायची असते.

सोय करायची ती रात्रीपासून. दिवसाच्या वाफेने बाई मरत नाही. चारचौघांत लाज वाटते, कपडे भिजतात, एवढंच. पण रात्री तीन-चार वेळा भिजून उठायचं, परत डोळा लागायला तास, आणि सकाळी पाचला डबा. असे महिने गेले की बाई चिडचिडी होते, विसरायला लागते, डोळ्यांत कारण नसताना पाणी येतं, आणि घरचे म्हणतात हिला वेड लागायची पाळी आली. वेड नसतं, झोप नसते. मेट्रनबाईंचं पहिलं वाक्य हेच असायचं: आधी रात्र सांभाळा, दिवस आपोआप सांभाळला जातो.

अंथरुणापासून सुरुवात कर. तुमच्याकडे तो जाडजूड फोमचा पलंग आहे ना, तो अंगाची ऊब धरून ठेवतो. त्याच्यावर रेक्झिनसारखं प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर आजच काढ. कापसाची पातळ गादी त्यावर टाक, नाहीतर सरळ एक जुनी सुती गोधडी पसर. पांघरूण एक जाड नको, दोन पातळ हवीत. एक ढकलता येतं, एक ओढता येतं. आणि जावईबापूंचं पांघरूण वेगळं. एकाच डबलबेडच्या रजईत दोघं झोपायचं हे नव्या नवरानवरीला शोभतं. रात्री वाफ आली की तू रजई फेकणार, त्यांना थंडी वाजणार, ते ओढणार, तू चिडणार. या वयातली निम्मी भांडणं पांघरुणाची असतात.

गाऊन सुती, बाह्या सैल, पुढून बटणांचा, म्हणजे डोक्यावरून काढावा लागत नाही. दुसरा तसाच गाऊन घडी करून उशाजवळ. शेजारी पंचा. टॉवेल नको, टॉवेल जाड असतो, घाम टिपण्याऐवजी अंग घासतो आणि ओला झाला की सकाळपर्यंत ओलाच राहतो. पंचा टिपतो आणि दांडीवर टाकला की तासाभरात वाळतो. तांब्या-भांडं हाताशी. वाफ उतरल्यावर हुडहुडी भरते तेव्हासाठी पायथ्याशी एक शाल. हे सगळं अंधारात हाताला लागेल असं रोज त्याच जागी ठेवायचं. दिवा लावून कपाट धुंडाळायला उठलीस की झोप गेलीच.

जाग आली की घड्याळ बघायचं नाही, मोबाईल तर नाहीच. मान, काखा, छातीखालची घडी पंच्याने टिपायची, गाऊन बदलायचा, दोन घोट पाणी प्यायचं, परत आडवं व्हायचं. उशी उलटी करायची, खालची बाजू गार असते. मध्यरात्री अंघोळ करत सुटू नकोस. पुष्कळ वेळ डोळा लागला नाही तर बाहेर जाऊन अंधारात बसावं, पेंग आली की परत यावं. गादीवर तळमळत पडणं वाईट. मग गादी दिसली तरी झोप उडायला लागते.

इथे एक फरक लक्षात घे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पण हवा कोरडी. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खिडकीत लावला की पाणी उडतं आणि हवा गार होते. घामही सुटल्या सुटल्या वाळतो आणि वाळताना अंग निववतो. तुमच्या डोंबिवलीत हवेतच इतकं पाणी की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. तिथे कूलर लावशील तर खोली अजून दमट होईल. तेव्हा माझं बघून कूलर घेऊ नकोस. तुला वारा हवा. खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, पंखा थेट अंगावर, आणि एसी असेल तर २५-२६ वर ठेवून सोबत पंखा मंद. १८ वर ठेवून कुडकुडण्यात अर्थ नाही. मच्छरदाणी जाड कापडाची असेल तर ती वारा अडवते, विरळ जाळीची घे.

संध्याकाळी साडेचारनंतर चहा नको. मला माहिती आहे, ऑफिसातून आल्यावरचा चहा सोडणं म्हणजे सासर सोडण्याइतकं अवघड, पण चहातलं कॅफीन रात्री उशिरापर्यंत अंगात असतं. जेवण आठच्या आत आणि हलकं. मी नागपूरला होते तेव्हा आम्ही सावजी रस्सा रविवारी रात्री हाणायचो. तो रविवारी दुपारी हाणावा. दारूचं तुझ्या बाबतीत सांगायला नको, पण ऑफिसच्या पार्टीत वाइनचा एक पेला घेतलास तर त्या रात्री जास्त भिजलीस म्हणून आश्चर्य करू नकोस.

दिवसाचं मी थोडक्यात सांगते. अंगाला लागून सुती कापड. सिंथेटिक साडी, नायलॉनचा परकर, अस्तर लावलेलं घट्ट ब्लाऊज हे तिन्ही बंद. टेलरला सांग, ब्लाऊज बिनअस्तराचं, बाही कोपरापर्यंत आणि काखेत एक बोट सैल. लग्नाकार्यात पैठणी नेसायचीच असेल तर आत मलमलचं पातळ शमीज घाल, रेशमावर घामाचे डाग पडले की जात नाहीत. कुंकू लावत असशील तर ओघळतं, आणि टिकली तर वाफेबरोबर सरकत भुवईवर येते. माझ्या सासूबाई कपाळ कोरडं पुसून आधी मेण लावत आणि त्यावर कुंकू. तू टिकलीचं पाकीट पर्समध्ये ठेव म्हणजे झालं. तिथेच एक जपानी पंखा, एक पंचा आणि पाण्याची बाटली. पावडर लावू नकोस, मानेवर तिचे गोळे होतात.

लोकलमध्ये दारापाशी वाऱ्यासाठी उभी राहू नकोस, घेरी आली तर काय करशील? जिना चढून धावत गाडी पकडलीस की वाफ हमखास येणार, तेव्हा एक गाडी सोड. दहा मिनिटं उशीर झालेला चालतो.

लोक बघतात, हे सगळ्यात जास्त छळतं. तुला वाटतं सगळा डबा तुझ्याकडे बघतोय. कुणी बघत नसतं गं. तिथे प्रत्येकीला आपलीच घाई असते, आणि डोंबिवलीच्या गाडीत जूनमध्ये कोण कोरडं असतं? हे मी नुसतं समजुतीखातर म्हणत नाही. लंडनमध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी वाफा येणाऱ्या बायकांना गटात बसवून हेच शिकवलं: वाफ आल्यावर मनात काय येतं ते ओळखायचं, ‘सगळे बघताहेत, आता मी चक्कर येऊन पडणार’ हा विचार पकडून बाजूला ठेवायचा, श्वास संथ करायचा. २०१२ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. दिवसाच्या वाफा फारशा घटल्या नाहीत, पण बायकांना त्यांचा जाच वाटेनासा झाला, आणि झोपही सुधारली. वाफ तेवढीच, पण तिचं ओझं कमी. ऑफिसातल्या बैठकीत वाफ आली तर सरळ म्हण, ‘मला गरम होतंय, खिडकी उघडते.’ वय, पाळी, डॉक्टर काही सांगायची गरज नाही.

स्वयंपाकघराचं मात्र घरात स्पष्ट बोलायला हवं. पोळ्या हा सगळ्यात वाईट प्रकार. तव्याची धग थेट छातीवर, वर शेगडीचा जाळ उडू नये म्हणून पंखा बंद. कणीक आदल्या रात्री मळून फ्रीजमध्ये ठेव, पोळ्या पहाटेच्या गारव्यात उरक, उभ्याने लाटायच्याऐवजी ओट्यापाशी उंच स्टूल घे. भाजायला दुसऱ्या कुणाला तरी उभं कर. जावईबापू बँकेत मॅनेजर आहेत, पोळी उलटता येणार नाही असं काही नाही. आमच्याकडे हे निवृत्तीनंतर शिकले आणि आता माझ्या पोळ्यांना नावं ठेवतात.

थंडाव्याचे घरगुती उपाय मी सगळे करते आणि तूही कर. माठात वाळ्याची जुडी, दुपारी ताक, कोकमाचं सरबत, भिजवलेला सब्जा, उन्हाळ्यात पन्हं. मधुमेह असेल तर गुलकंद आणि सरबतं जपून, त्यात साखरच असते. या सगळ्याने जिवाला बरं वाटतं, पाणी पोटात जातं, चहा कमी होतो. वाफांचा आकडा मात्र त्याने खाली येतोच असं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. योगासनं, चालणं यांचंही तेच. चाल, नक्की चाल, हाडांसाठी, साखरेसाठी, मनासाठी. कंबरेचा घेर वाढला असेल तर तो उतरवल्याने वाफाही कमी होतात, चरबी अंगातली ऊब धरून ठेवते. पण महिनाभर प्राणायाम करून वाफा तशाच राहिल्या तर आपलंच काहीतरी चुकतंय असं मनाला लावून घेऊ नकोस.

पुड्यांच्या बाबतीत मी कडक आहे. ‘बायकांच्या सर्व तक्रारींवर’ म्हणून मिळणाऱ्या चूर्णाच्या, काढ्याच्या, परदेशी जडीबुटीच्या बाटल्या. त्यात काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नकोस. ब्लॅक कोहोश नावाची वनस्पती वाफांसाठी खूप विकली जाते. ती घेतलेल्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शेजारणीला गुण आला म्हणून तुला येईल असंही नाही. औषधांच्या चाचण्यांत ज्या बायकांना नुसती खोटी गोळी दिली जाते, त्यांच्याही वाफा निदान तिसऱ्या हिश्शाने उतरतात. तेव्हा कुठल्याही पुडीने सुरुवातीला बरं वाटणारच. आणि तुझ्या सासूबाईंची मिश्रीची डबी अजून मोरीत आहे ना? ती भाजलेली तंबाखूच आहे. तू लावत नाहीस ते ठीक, सुरू करू नकोस. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी वर्ष-दोन वर्षं लवकर जाते आणि वाफाही जास्त येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे पुन्हा वाचावं लागलं तरी वाच. या वयात पाळी बेभरवशाची होते, कधी अंगावरून खूप जातं, आणि कुणीतरी म्हणतं, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. आपल्याकडे फार सहज म्हणतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि एकट्या त्या जिल्ह्यात पाहणी केलेल्या ऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्याही आतल्या. खाडा पडला तर मुकादम दंड करतो म्हणून पाळीच नको, असं त्यामागचं गणित. अशा बायका आमच्या वॉर्डातही यायच्या. तिशी-पस्तिशीत घामाने भिजायच्या, कंबर धरून चालायच्या, आणि त्यांना सांगणारं कुणी नव्हतं की हे कशामुळे होतंय.

नीट समजून घे. नुसती गर्भपिशवी काढली आणि बीजकोश ठेवले, तर पाळी बंद होते पण इस्ट्रोजेन चालू राहतं. वाफा लगेच येत नाहीत, पुढे थोड्या लवकर येऊ शकतात. दोन्ही बीजकोशही काढले तर मात्र जे शरीर चार-पाच वर्षांत हळूहळू सोडतं ते एका दिवसात जातं, आणि वाफा जोरात येतात. हाडंही लवकर ठिसूळ होतात. खरोखर गरज असते तेव्हा शस्त्रक्रिया करावीच लागते, मी विरोधात नाही. पण कुणी सुचवली तर तीन प्रश्न विचारायचे: कशासाठी, औषधाने भागणार नाही का, आणि बीजकोश ठेवणार की काढणार. उत्तर कागदावर घ्यायचं आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. आणि पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश गेलेली कुणी तुझ्या ओळखीत असेल तर तिला आवर्जून डॉक्टरकडे पाठव. दुसरी काही हरकत नसेल तर अशा बाईला पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यायचे असतात.

हार्मोन म्हटलं की तू ‘कॅन्सर’ म्हणणार. ती भीती २००२ सालची. अमेरिकेतली एक प्रचंड मोठी चाचणी त्या वर्षी मधेच थांबवली, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची जोडगोळी घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर थोडा जास्त निघाला: दर वर्षी १०,००० बायकांमागे सुमारे ८ जास्त. शिवाय पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही. जगभर बायकांनी रातोरात गोळ्या फेकल्या, आमच्या ओपीडीतसुद्धा. पुढे बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन १० वर्षं झालेली नाहीत अशा निरोगी बायकांना फायदा तोट्यापेक्षा जास्त, असं आता डॉक्टरांच्या संघटनाच सांगतात. वाफांवर त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं औषध नाही. चारांतल्या तीन वाफा जातात. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर पिशवीचं अस्तर जाड होऊन तिथे कॅन्सरचा धोका वाढतो. गोळीऐवजी कातडीवर चोळायचं जेलही मिळतं, त्यात गुठळीचा धोका कमी. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, पायात गुठळी, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक होऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल, किंवा अंगावरून जाण्याचं कारण सापडलेलं नसेल, तर ही वाट बंद.

बंद म्हणजे उपाय संपले असं नाही. तुझ्या मावशीला स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू झाल्यावर वाफांनी भंडावून सोडलं होतं. तिला डॉक्टरांनी नैराश्यावर देतात त्यातली व्हेनलाफॅक्सिन कमी मात्रेत दिली आणि ती निवांत झोपायला लागली. नैराश्यावरचीच दुसरी गोळी पॅरॉक्सेटिन टॅमॉक्सिफेनच्या कामात अडथळा आणते, म्हणून ती तिला नको. रात्रीच फार त्रास असेल तर गॅबापेंटिन झोपताना देतात. ‘मला काय वेड लागलंय का, नैराश्याची गोळी घ्यायला,’ असं मावशी आधी म्हणाली होती. गोळी कुठल्या आजाराची म्हणून ओळखली जाते याच्याशी वाफेला काही देणंघेणं नाही.

आणि प्रत्येक घाम पाळीचा नसतो, हे माझ्यातली सिस्टर सांगते. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरतंय, खोकला दोन आठवडे हटत नाही: थुंकी तपासायची, क्षयरोग आपल्याकडे अजून घरोघर आहे. हात थरथरतात, भूक लागूनही वजन घटतंय, छातीत सारखी धडधड: थायरॉईड. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारी बाई घामाने थबथबली, हातपाय लटपटले तर आधी बोट टोचून साखर बघायची, ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची. आणि छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखतोय, दम लागतोय आणि थंड घाम, तर पंखा-बिंखा लावत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. बायकांचा हार्ट अटॅक ‘पाळीचं असेल’ म्हणून घरात तासन् तास बसवलेला मी पाहिलाय. तसंच, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला तरी दाखवायचं. दुखत नसलं तरी, एकदाच दिसला तरी.

तर डॉक्टरकडे जायच्या आधी दोन आठवडे असं कर. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या खुणा करतेस ना, त्याच चौकोनात दिवसाच्या वाफेला एक टिंब आणि रात्रीच्या वाफेला एक गोल. पाळी आली तर फुली. शेजारी काही खास झालं असेल तर एक शब्द: भांडण, भजी, लग्न, पार्टी. पान फाडून सोबत ने. ‘खूप होतं हो डॉक्टर’ म्हणण्यापेक्षा तो कागद जास्त बोलतो, आणि तुझ्या वाफा कशाने चढतात तेही तुलाच दिसेल. बीपी, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईडसाठी टीएसएच करून घे. अंगावरून खूप जात असेल तर सोनोग्राफी. कुणी भारंभार हार्मोनच्या तपासण्या लिहून दिल्या तर विचार की कशाला. ४५ च्या पुढच्या बाईत पाळीचा हिशेब आणि वाफा एवढ्यावरूनच सहसा निदान होतं, आणि या काळात ते आकडे आज एक, उद्या एक येतात. आईचे, मावशीचे कॅन्सर, कुणाच्या पायातल्या गुठळ्या हे सगळं स्वतःहून सांग, विचारायची वाट बघू नकोस. मावशीचं तर नक्की सांग.

मी दुपारी दोननंतर रिकामी असते, तेव्हा फोन कर. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठव, पण कागद टेबलावर सपाट ठेवून फोटो काढ. मागच्या वेळी वहिनीने पाठवला त्यात नाव पूर्ण आलं होतं आणि टीएसएचचा आकडा अर्धा कापला गेला होता.